मजा म्हणजे महिन्याला किती?

आमच्या जुन्या स्विफ्ट डिझेलनं माझी सवय बिघडवून ठेवली होती. 1.3 लिटरचं इंजिन, ताकद 75 पीएस. आजच्या जाहिरातींत हा आकडा कुणी छापणारही नाही. पण आरपीएमचा काटा 2000 वर गेला की 190 न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, एकदम अंगात यायचा आणि बार्शी रोडवर पुढचा टेम्पो बघता बघता आरशात दिसायला लागायचा. वर ॲव्हरेज वीसच्या खाली क्वचितच. स्वस्तात चालते आणि चालवायलाही मजा येते अशी गाडी एकदा दारात राहिली की पुढची निवडणं अवघड जातं. मारुतीनं एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हे धुराचे नवे नियम आल्यावर डिझेल इंजिनं बंद केली, त्यामुळे तसलीच नवीन आणायचा रस्ताही उरला नव्हता.

गाडी बदलायची कारणं साधी. ती 2012 ची. सासूबाईंचे गुडघे त्या बसक्या सीटवरून उठू देईनात, आणि आमच्या भागातल्या स्पीडब्रेकरना कुठलंच माप नसल्यामुळे गाडीचं पोट दर आठवड्याला खरवडून निघायचं. म्हणून उंच गाडी हवी होती. पण चार मीटरच्या आतली, कारण जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी त्याहून लांब गाडी आत घेतली तर गेट लागत नाही.

चालवणार मीच. मी करसल्लागार आहे. ऑफिस नवी पेठेत, क्लायंट बरेचसे अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरवाले, माहेर बार्शी, मुलगा पुण्यात शिकायला. नवऱ्याला गाडी म्हणजे एसी आणि गाणी. खरी चर्चा झाली ती माझी आणि अण्णांची. अण्णा म्हणजे सासरे. गिरणीच्या हिशेब खात्यात उभी हयात गेली. गिरणी बंद पडली तरी वही बंद पडली नाही. स्कूटरच्या काळापासून प्रत्येक लिटरची नोंद त्यांच्याकडे आहे, आणि गाडी कुठलीही असो, पहिला प्रश्न ठरलेला: “ॲव्हरेज किती देती?”

मी म्हटलं, “अण्णा, ॲव्हरेज बघूच. पण मला चालवायला मजा आली पाहिजे. रोज मीच बसणार आहे त्यात.”

मला वाटलं, आता लेक्चर. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “येऊ दे की मजा. पण ती मजा महिन्याला किती रुपयांची, ते आधी मांड. मग घे.”

हे मला पटलं. रोज दुसऱ्यांचे हिशेब तपासते, स्वतःच्या हौसेचा मांडायला काय हरकत? सर्व्हिसिंगच्या जुन्या बिलांवरचे किलोमीटरचे आकडे काढले. वर्षाला साधारण 12,000 किलोमीटर होतात. त्यातले साडेचार हजार गावातल्या गावात, साडेचार हजार पुण्याचे, उरलेले बार्शी, अक्कलकोट, पंढरपूर वगैरे. त्या वेळी सोलापुरात पेट्रोल 104 रुपयांच्या आसपास होतं. सरासरी 18 देणारी गाडी घेतली तर वर्षाचं पेट्रोल साधारण 69,300 रुपयांचं. 14 देणारी घेतली तर 89,100. फरक वर्षाला 19,800, म्हणजे महिन्याला साडेसोळाशे.

हे मांडताना एक गोष्ट वहीत आपोआप समोर आली. ॲव्हरेजमधले चार किलोमीटर प्रत्येक वेळी सारखे नसतात. 10 ची गाडी सोडून 14 ची घेतली तर माझ्या वापरात वर्षाला सुमारे 343 लिटर वाचतात. 18 सोडून 22 ची घेतली तर फक्त 121. शोरूममध्ये 22 आणि 18 यांच्यात जमीन-अस्मान असल्यासारखं बोलतात, पण खिशाला खरी कात्री लागते ती 14 च्या खाली घसरलं की. बाहेरच्या बऱ्याच देशांत 100 किलोमीटरला किती लिटर लागलं ते सांगतात, त्यात हा फसवेपणा राहत नाही. अण्णांनी ते गणित तीनदा तपासलं आणि वहीच्या आतल्या पानावर वेगळं उतरवून घेतलं.

म्हणून मी एक रेघ ओढली. माझ्या हातात सरासरी 14 च्या बरंच खाली जाईल अशी गाडी कितीही आवडली तरी नको. त्याच्या वर जे काही असेल, ते महिना साडेसोळाशेच्या आतलं भांडण. तेवढे मी मजेसाठी द्यायला तयार होते. महिन्याला तेवढे आम्ही हॉटेलात घालवतोच.

आता कंपनी सांगते ते आकडे. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या तालात पळवतात. सगळा खेळ वीसेक मिनिटांचा, दहा-साडेदहा किलोमीटरचा, सरासरी वेग ताशी बत्तीसेक, सर्वांत जास्त 90, तोही थोडाच वेळ. एसी बंद. सोलापुरात मार्च ते जून एसी बंद ठेवून गाडी चालवणारा माणूस मला भेटलेला नाही, 42-43 डिग्रीत त्याची तशी इच्छाही होणार नाही. एआरएआय या चाचणी संस्थेचा हा आकडा म्हणजे मुलगी बघायच्या कार्यक्रमातले कांदेपोहे. खोटे नसतात, पण त्यावरून रोजच्या स्वयंपाकाचा अंदाज बांधू नये. दोन गाड्या एकमेकींशी ताडून बघायला तो आकडा चालतो, कारण परीक्षा दोघींची एकच. आपल्या हातात काय पडेल ते कळायला तो उपयोगाचा नाही.

गाडी घ्यायची वेळ मात्र माझ्या धंद्यानं ठरवली. जीएसटीचे नवे दर 22 सप्टेंबर 2025 पासून लागू होणार हे जाहीर झालं, आणि 2025 मध्ये घटस्थापनाही त्याच दिवशी. शोरूमवाल्यांना तुळजाभवानी पावली म्हणायची. चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर आधी 28 टक्के जीएसटी आणि वर सेस होता, पेट्रोलला 1, डिझेलला 3. तो सगळा जाऊन दोन्हींना सरळ 18 टक्के झाला. बाकी पेट्रोल-डिझेल गाड्या 40 टक्क्यांत. इथं ब्रेझाची गंमत बघा. लांबी 3995 मिलिमीटर, म्हणजे मापात बसते. पण इंजिन 1462 सीसीचं पेट्रोल, त्यामुळे छोट्या गाडीची सवलत नाही. तिचा कर 45 वरून 40 वर आला इतकंच. छोट्या टर्बो, म्हणजे जास्त हवा कोंबून जोर काढणाऱ्या, इंजिनांची आपल्याकडे एवढी गर्दी का झाली, याचं अर्धं उत्तर या 1200 च्या आकड्यात आहे. इंजिन आधी कर खात्याच्या चौकटीत बसवतात, मग बॉनेटमध्ये.

यादी केली तेव्हा दोन टोकं दिसली. एका टोकाला फ्रॉन्क्स, 1.2 लिटरचं साधं पेट्रोल, 90 पीएस, 113 न्यूटन मीटर, वजनाला हलकी, कंपनीचा आकडा 21.79. तिच्या अलीकडे ब्रेझा, 103 पीएस, 137 न्यूटन मीटर, चार सिलिंडरचं मऊ इंजिन. दुसऱ्या टोकाला टर्बो पेट्रोलवाल्या. स्कोडाची कायलॅक, एक लिटरात 115 पीएस आणि 178 न्यूटन मीटर. नेक्सॉन, 120 पीएस, 170 न्यूटन मीटर. महिंद्राची एक्सयूव्ही 3एक्सओ, 1.2 लिटर, 110 च्या आसपास पीएस पण टॉर्क 200 न्यूटन मीटर, आणि तोही 1500 आरपीएमपासून. कंपनीचा आकडा 18.89. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर डिझेल. 3एक्सओचंच डिझेल 300 न्यूटन मीटर देतं.

सीएनजीचा विचार पंपावरची रांग बघून संपला. दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवून जागा वाचवायची टाटांची युक्ती चांगली आहे, पण रांग वाचवायची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही. मोठ्या हायब्रिड गाड्या, ग्रँड विटारा वगैरे, 27.97 चा आकडा दाखवतात. त्या 4.3 मीटरच्या वर. आमचं गेट आडवं आलं.

डिझेलवर मात्र मी बरेच दिवस अडून होते. सवय तीच होती ना. जास्त टॉर्क, जास्त ॲव्हरेज, इंधनही स्वस्त, लिटरला 91 च्या आसपास. कागदावर सगळीकडून डिझेलच जिंकत होतं. विजापूर रोडचे आमचे मिस्त्री, ज्यांनी स्विफ्ट इतकी वर्षं सांभाळली, त्यांच्याकडे गेले.

“ताई, घर ते ऑफिस किती ओ?”

“पाच-सहा किलोमीटर.”

“मग डिझेल घेऊ नका बघा. तुमची जुनी गाडी वेगळी होती. आता डीपीएफ असतंय.”

त्यांनी सांगितलं ते असं. बीएस-6 डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती भरत जाते आणि मग जाळून साफ व्हावी लागते. त्यासाठी आतलं तापमान 600 डिग्रीच्या आसपास जावं लागतं आणि गाडी काही वेळ एका वेगात पळावी लागते. नवी पेठेतून सात रस्त्यापर्यंत सिग्नल मोजत येणारी गाडी तेवढी तापतच नाही. जाळी साफ व्हायला सुरुवात होते आणि आपण गाडी बंद करून घरात जातो. असं होत राहिलं की डॅशबोर्डवर दिवा, मग वर्कशॉप. पुणे-हैदराबाद पळणाऱ्याला याचा काही त्रास नाही. मलाही पुण्याच्या फेऱ्यांत जाळी साफ करून आणता आली असती. पण जाळीसाठी पुण्याला जायचं हे नवऱ्याला सांगायची माझी तयारी नव्हती.

तरी हिशेब केला. 3एक्सओचं डिझेल सरासरी 17 धरलं तर वर्षाचं इंधन 64,200 रुपयांचं. 14 देणाऱ्या टर्बो पेट्रोलपेक्षा पंचवीस हजारांची बचत. पण मला मिळालेल्या कोटेशनांत ऑन-रोड फरक सव्वा लाखाच्या वर होता. आरटीओचा करही महाराष्ट्रात डिझेलला पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त बसतो. म्हणजे पैसे वसूल व्हायलाच पाच वर्षं. वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे तेच अडीच वर्षांत फिटतात. त्यानं खुशाल डिझेल घ्यावं आणि मजा फुकटात मिळवावी.

उरली साधं पेट्रोल विरुद्ध टर्बो पेट्रोल ही लढाई, आणि ती शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हवर सुटणारी नव्हती. टेस्ट ड्राइव्ह म्हणजे होटगी रोडनं विमानतळाच्या बाजूला जायचं आणि परत. शेजारी बसलेला मुलगा अखंड सनरूफबद्दल बोलत असतो. एकानं तर मी गिअर पाडून ॲक्सिलरेटर दाबला तर हँडब्रेकवर हात ठेवला. “मॅडम, गाडी नवीन आहे.” म्हटलं, म्हणूनच बघतेय.

मग मी माझी परीक्षा ठरवली. शून्य ते शंभर किती सेकंदांत, याचा माझ्या आयुष्याशी संबंध नाही. मी शून्यापासून शंभराकडे कधी धावत नाही. मला हवं होतं ते 25 पासून 70-80 पर्यंतचं. कारण माझा खरा रस्ता बार्शीचा.

ज्यांना आपला हंगाम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत जिल्ह्यातले सगळे कारखाने चालू असतात आणि रस्त्यावर ऊस असतो. ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या, उसाची टोकं दोन्ही बाजूंना हातभर बाहेर, मागे रिफ्लेक्टर असला तर नशीब, आणि ड्रायव्हरच्या कानाशी गाणी इतक्या जोरात की तुमचा हॉर्न त्याच्यापर्यंत पोचणं अशक्य. वेग वीस-पंचवीस. पुणे किंवा विजापूर रोड चार पदरी आहे, तिथं याचं काही वाटत नाही. बार्शी रोडला समोरून गाड्या येत असतात. तुम्ही ट्रॉलीमागे पंचवीसवर अडकलेले, दुसरा गिअर. समोर थोडी मोकळी जागा दिसते. ती जागा पाच-सात सेकंदच टिकणार. त्या सेकंदांत गाडी काय करते, यात माझ्या दृष्टीनं सगळी मजा आणि सगळी सुरक्षितता आली.

एका क्लायंटची ब्रेझा मागून घेतली आणि बार्शीला जाऊन आले. त्यांची कृपा. हंगाम सुरू नव्हता, पण रेतीचे टिप्पर आणि एसट्या होत्या. गाडी आवडली. इंजिन इतकं शांत की सिग्नलला बंद पडलंय की काय असं वाटावं. गावात क्लच हलका. पण तिचा टॉर्क 4400 आरपीएमला भरात येतो. ओव्हरटेक मारायचा तर दुसऱ्यात काटा वर चढवायचा, इंजिनला ओरडू द्यायचं आणि तोवर तिसरा टाकायचा नाही. हा काही दोष नाही, साध्या पेट्रोलची चालच ती. ज्याला इंजिन चढवून चालवायला आवडतं त्याला त्यातही मजा येते. मी डिझेलवर वाढलेली, मला तो आवाज ऐकला की आपण गाडीला त्रास देतोय असं वाटतं आणि पाय आपोआप वर येतो. ओव्हरटेकच्या मध्यावर पाय वर येणं बरं नाही.

फ्रॉन्क्सच्या साध्या इंजिनाचा स्वभाव तसाच, फक्त गाडी हलकी असल्यामुळे गावात चपळ वाटते. मी एकटीनं नवी पेठ ते जुळे सोलापूर एवढंच केलं असतं तर हीच घेतली असती आणि पुढचं काही लिहायला बसले नसते.

3एक्सओ चालवली ती नणंदेच्या दिरांची. तीन सिलिंडरचं इंजिन, थंड असताना थोडी थरथर स्टिअरिंगवर येते, मग विसरून जाते. दुसऱ्यात पंचवीसवर असताना दाबलं आणि जी ओढ लागली ती ओळखीची होती. 1500 च्या खाली टर्बो झोपलेला असतो, हे जुन्या स्विफ्टनं शिकवलेलं होतंच, त्यामुळे काटा त्याच्या खाली पडू द्यायचा नाही एवढं पायाला माहीत होतं. टिप्पर मागे टाकून तिसरा टाकेपर्यंत वेग साठच्या पुढे. आवाज नाही, आरडाओरडा नाही. वळणांवर उंच गाडीचं अंग थोडं झुकतं, कायलॅक त्या बाबतीत जास्त घट्ट वाटली होती. पण सासूबाईंनी दोन्हींत बसून बघितलं आणि गुडघ्यांनी निकाल 3एक्सओच्या बाजूनं दिला.

नणंदेच्या दिरांना ॲव्हरेज विचारलं तर ते हसले. म्हणाले, “पायावर हाय.” हे टर्बो पेट्रोलबद्दलचं सर्वांत खरं वाक्य. टर्बो म्हणजे छोट्या इंजिनात जास्त हवा कोंबायची युक्ती. जास्त हवा गेली की तिच्या मापात जास्त पेट्रोलही जातं. हळुवार चालवलं तर इंजिन छोटंच राहतं आणि कमी पितं. दाबलं की मोठ्या इंजिनासारखं पितं. साध्या पेट्रोलमध्ये चांगल्या आणि वाईट पायातला फरक दोन-तीन किलोमीटरचा, इथं तो दुप्पट होऊ शकतो. म्हणजे ही गाडी घेतली तर ॲव्हरेजची जबाबदारी कंपनीवर ढकलता येणार नव्हती.

अण्णांना सगळं वहीत मांडून दाखवलं. महिना साडेसोळाशे. त्यांनी विचारलं, “हे सगळं त्या ट्रॉल्यांसाठी?” म्हटलं, हो. माझी आई बार्शीला आहे, हिवाळ्यात तिचा दमा वाढतो, आणि मला बऱ्याचदा रात्री निघावं लागतं. त्यांनी वही मिटली. “घे.”

दसऱ्याला बुकिंग केलं. सप्टेंबरच्या शेवटी सीनेला पूर आला होता, लांबोटीजवळ पाणी येऊन पुणे रस्ताच बंद पडला होता, त्या गडबडीत गाड्या येणंही लांबलं. दिवाळीच्या तोंडावर एमएच-13 ची पाटी लागली. सिद्धरामेश्वराला नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पेढे वाटले. यात नवीन काही नाही.

त्यानंतर मोजमाप. स्क्रीनवर गाडी स्वतःचं ॲव्हरेज सांगते, पण ते आमच्या वहीत चालत नाही. त्याच पंपावर, त्याच नोझलला, पहिल्या कट-ऑफला थांबून टाकी फुल करायची. किलोमीटर लिहायचे. पुन्हा फुल करायची आणि भागाकार. नोझल मागेपुढे हलवून आणखी अर्धा लिटर घालायला पोरं उत्सुक असतात, त्यांना थांबवायचं. एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही, चार-पाच टाक्यांची सरासरी धरायची. स्क्रीन आमच्या भागाकारापेक्षा कायम थोडी जास्त उदार निघाली.

गावात 11. याचा दोष मी गाडीला देत नाही. पाच-सहा किलोमीटरची फेरी, त्यातले पहिले दोन इंजिन थंड, त्यात पार्क चौकात अडकायचं. थंड इंजिन कुठल्याही गाडीत जास्त पितं. बार्शी रोडला 15, ट्रॉल्या धरून. पुण्याच्या रस्त्याला वेगाप्रमाणे 15 ते साडेसतरा. सगळं मिळून सरासरी साडेतेराच्या वर, चौदाच्या आत. रेघेच्या किंचित खाली, पण अण्णांनी “नवीन इंजिन आहे, मोकळं होईल” असा निकाल माझ्या बाजूनं दिला. टायरमधली हवा दर पंधरवड्याला बघायची जबाबदारीही त्यांनी स्वतःकडे घेतली.

पेट्रोलचंही एक आहे. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा गेली. नवीन इंजिनं त्या इंधनासाठी जुळवलेली असतात, त्यामुळे सगळा तोटा चाकापर्यंत येत नाही, पण थोडा येतोच. त्यातलं काही इथेनॉल उसापासून होतं. म्हणजे ज्या उसाच्या ट्रॉलीला मागे टाकायला मी जास्त पितं ते इंजिन घेतलं, तोच ऊस पातळ होऊन माझ्या टाकीत येतो आणि ॲव्हरेज आणखी खाली ओढतो. हे आमच्या एका ऊस उत्पादक क्लायंटना सांगितलं तर ते म्हणाले, “वहिनी, आमचं बिल वेळेवर मिळू द्या, मग ट्रॉली बाजूला घेतो.”

हंगामात बार्शीला जाताना आता माझे खांदे ताठ होत नाहीत. वैरागच्या अलीकडे रात्री दोन ट्रॉल्या एकामागे एक लागल्या तरी जागा दिसेपर्यंत थांबते, कारण दिसली की निघता येईल हे माहीत असतं. पिकअप कमी असलेल्या गाडीत माणूस उलट नको तिथं घुसतो, कारण अडकून पडायची भीती जास्त असते. असं माझं मत आहे. नवऱ्याला ते पटत नाही, पण तो चालवत नाही.

पुण्याच्या रस्त्यावर मात्र मी मजा सोडून दिली. टर्बो तिथंही पळायला तयार असतो. चार पदरी रस्त्याला कारची मर्यादा 100 आहे. तेवढ्यावर ठेवली की माझ्या हातात 15 पडतात. 85-90 वर सहाव्यात सोडून दिली की साडेसतरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि या उंच, चौकोनी तोंडाच्या गाड्यांना तो जास्तच जाणवतो. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर धरले तर एका बाजूला अडीच लिटरच्या आसपास फरक, म्हणजे अडीचशे रुपये. वाचणारी वेळ कागदावर वीस मिनिटं, आणि ती वीस मिनिटं यवतपासून हडपसरपर्यंत कुठं जातात ते त्या रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही विचारा. मुलगा म्हणतो, एवढा टर्बो घेऊन नव्वदनं काय चाललीस? मी त्याला भिगवणला उतरवते. अडीचशेत तिथं उजनीच्या माशांची एक थाळी येते.